ओसरीच्या कोपऱ्यातली घोंगडी

माझ्या तरुणपणातली सगळ्यात गाढ झोप मी विटाळाच्या घोंगडीवर झोपले. हे वाक्य लिहून भाचीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आत्या, असलं कशाला लिहितेस? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील हे ऐकण्यातच माझी ऐन उमेदीची वर्षं गेली आणि आतडं सडलं ते वेगळंच. तेव्हा आता लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. या वयात मला फक्त एवढंच पाहिजे की ते म्हणायच्या आधी त्यांनी पूर्ण वाचावं.

आम्ही तेव्हा बेगमपुऱ्यात, पाणचक्कीच्या अलीकडं, घरमालकीण बानोखालाच्या आवारात राहायचो. तीन खोल्या, पुढं लांब ओसरी, ओसरीच्या एका टोकाला न्हाणी. समोरच्या बाजूला खाला स्वतः राहायची. तिच्या कोंबड्या दिवसभर आमच्या ओसरीवर आणि माझे दोघे धाकटे भाऊ दिवसभर तिच्या ओसरीवर. आण्णा, म्हणजे माझे वडील, वैजापूरकडच्या शेतकरी घरातले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतली उर्दू दप्तरं मराठीत आणायला माणसं लागली आणि आण्णांना दोन्ही लिहिता येत होतं, म्हणून ते शहरात आले ते इथलेच झाले. शेत गेलं नाही, पण शेताची सवय गेली. मायची मात्र गेली नाही. माय शहरातही पहाटे उठून जात्यावर बसायची. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आली तरी बसायची. गिरणीचं पीठ जळकं लागतं म्हणायची.

न्हाणीजवळच्या कोपऱ्यात एक काळी घोंगडी गुंडाळून ठेवलेली असायची, तिच्याशेजारी एक पितळी ताट आणि तांब्या. घरातली बाई बाहेरची झाली की चार दिवस तिनं तिथं बसायचं. लोकरीला विटाळ लागत नाही म्हणून घोंगडी. त्या चार दिवसांत बाईनं पाण्याला शिवायचं नाही, चुलीला नाही, देवाला नाही, माणसाला नाही. ताटात वरून भाकरी टाकायची, तांब्यात वरून पाणी ओतायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि पुन्हा कामाला जुंपून घ्यायचं. आज मुलींना हे सांगितलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. येऊ दे, रीत वाईटच होती. पण त्या रीतीनं मला काय दिलं ते मला माहीत आहे, आणि ते लपवून मी सुधारक म्हणवून घेणार नाही.

आजार सुरू झाला तो मी मॅट्रिकला असताना. खुलताबादच्या उरुसातून परत आलो आणि पोट जायला लागलं. सगळ्यांचंच गेलं, कारण भजी सगळ्यांनीच खाल्ली होती. बाकीच्यांचं थांबलं, माझं थांबलं नाही. आवाराच्या टोकाला, लिंबाच्या झाडापलीकडं, दोन घरांत मिळून एक संडास. तिथपर्यंत जायला आख्खं आवार ओलांडावं लागायचं, तेही हातात टमरेल घेऊन, सगळ्यांच्या देखत. एकदा गेलं तर कुणी बघत नाही. पण सकाळच्या प्रहरी पुन्हा पुन्हा तेच टमरेल घेऊन निघालं की खालाच्या कोंबड्यासुद्धा बाजूला होऊन वाट द्यायला लागतात. मी काहीतरी निमित्त काढायची. कधी लिंबाची काडी आणायला, कधी वाळत घातलेले कपडे चाचपायला. पोटात असा मुरडा यायचा की पिळून काढलेल्या धुण्यासारखं वाटायचं. शाळेत मी दाराजवळचा बाक धरला. वर्गाची सहल वेरूळला गेली तेव्हा आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि कैलास लेण्यासमोर सगळ्या मुली माना वर करून बघत असताना मी आडोसा कुठं आहे ते शोधत होते. अजूनही मी कुणाच्या घरी गेले की आधी त्यांचा संडास कुठं ते बघून घेते, मग माणसं बघते.

मग रक्त जायला लागलं. ते कुणाला सांगायचं? परकराला लागलेला डाग मी घाईघाईनं धुतला, पण रक्ताचा डाग काही हलक्यानं जात नाही. मायनं दोरीवरचा परकर बघितला आणि माझ्यावरच ओरडली.

"बाहेरची झालीस आन् तशीच घरभर हिंडतीस? चुलीपाशी बी गेली असशील! जा, बस तिकडं."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण ओसरीवर आण्णा दाढी करत होते, आणि त्यांच्या देखत संडासातून रक्त पडतंय असं म्हणणं माझ्याच्यानं होईना. पाळीचं रक्त लाजेचं होतं, पण त्या लाजेला घरात एक ठरलेला कोपरा होता. दुसऱ्या रक्ताला कोपराच नव्हता. म्हणून मायनं त्या डागाला जे नाव दिलं ते मी घेतलं, आणि जाऊन घोंगडीवर बसले. बसले ती आडवी झाले, आणि दिवे लागेपर्यंत उठलेच नाही.

काय सांगावं ती झोप! कुणी हाक मारत नव्हतं. पाणी भर म्हणत नव्हतं, केर काढ म्हणत नव्हतं, भावांची शर्टं धू म्हणत नव्हतं. डोळे मिटून मी घर नुसतं ऐकायची. मायच्या हातावर भाकरी फिरायची त्याचा थपथप आवाज, मग ती तव्यात पडल्याचा. येसराच्या आमटीला फोडणी दिली की मायला हमखास ठसका लागायचा. समोर खालाच्या खलबत्त्यात मसाला कुटला जायचा, पलीकडच्या मशिदीतली अजान व्हायची, नहरीच्या पाण्याच्या बंब्यावर बायका घागरीवरून भांडायच्या. हे सगळं माझ्याशिवाय चाललेलं असायचं आणि मला त्याचं काहीएक वाईट वाटायचं नाही.

कारण मी थकलेली होते. हा शब्द फार लहान आहे, पण दुसरा माझ्याकडं नाही. कामानं येतो तो थकवा मला ठाऊक होता. सुट्टीत गावी कापूस वेचला होता, उन्हात उभं राहून भुईमूग उपटला होता. तो थकवा गोड असतो, जेवलं, झोपलं की उतरतो. हा उतरत नव्हता. सकाळी उठले की रात्रभर कुणीतरी मला बडवलंय असं अंग व्हायचं. वेणी घालताना हात वर धरवत नव्हते. भरली कळशी उचलायची म्हणजे आधी तिच्याकडं बघत उभं राहावं लागायचं. पुस्तकातली ओळ वाचायची आणि दुसऱ्या ओळीवर गेलं की पहिली नाहीशी व्हायची. मॅट्रिकला मी पास झाले ते देवालाच ठाऊक कशी.

मायला म्हटलं, "माय, लई थकायला होतं गं."

"थकायला काय, सगळ्याच बाया थकतात," माय म्हणाली. "मी नाय का थकत? काम केल्यानं कुणी मेलंय का आजवर? आळशाला गंगा दूर."

ती खोटं बोलत नव्हती, आणि दुष्ट तर मुळीच नव्हती. पहाटे जात्यावर बसलेली माय रात्री भांडी पालथी घालेपर्यंत पाठ टेकायची नाही. तिच्याकडं मापायला तेवढं एकच माप होतं, तिचं स्वतःचं. त्या मापात माझा थकवा बसत नव्हता, म्हणून तो आळस ठरला.

इकडं तो डाग काही महिन्याच्या हिशोबानं येत नव्हता. घोंगडीवरून न्हाऊन उठले की थोड्याच दिवसांत परत. माझी खरी पाळी अंगात रक्तच न उरल्यानं केव्हाच बंद पडली होती, पण ते मायला कळायला मार्ग नव्हता. तिनं पक्कं ठरवलं की पोरीच्या अंगावरून जातंय. एका वैद्याकडं घेऊन गेली. त्यानं माझी नाडी बघितली आणि सगळे प्रश्न मायला विचारले. मग घरी काढे उकळायला लागले, आणि गावाकडून डिंक मागवून, तुपात तळून मायनं लाडू केले. बाळंतिणीला देतात तसे रोज सकाळी माझ्यापुढं बसून खायला लावायची. "खा गं बाई, कंबर धरंल." तो तुपाचा गोळा पोटात गेला की अर्ध्या तासात मी लिंबाखाली. स्वतःच्या वाटचं तूप माझ्या लाडवात घालून माय मला रोज थोडं थोडं मारत होती, आणि मी ते हूं का चूं न करता खात होते. आजही कुणी बाळंतिणीचे लाडू पाठवले तर मी डबा उघडत नाही.

शेवटी एका दुपारी लिंबाखालून परत येताना मी आवाराच्या मधोमध पडले. टमरेल घरंगळत गेलं, तो आवाज मी ऐकला. आपण पडलोय हे त्यानंतर कळलं. माय ओसरीवरून धावत आली आणि माझ्यापासून दोन हातांवर थबकली. तिच्या लेखी मी बाहेरची होते. तिच्या अंगावर देवाचं करायचं सोवळं होतं. शिवावं की नाही याचा तिला क्षणभर निर्णय होईना, नुसती "अगं माय! अगं माय!" करत उभी राहिली. समोरून बानोखाला दुपट्टा सावरत आली. तिनं मला पाठीखाली हात घालून उचललं आणि मायवर ओरडली, "कायकू खडी है गे? छूत-छात बाद में देखते बैठ! छोकरी ठंडी पडी ना!" मायनं मग मला शिवलं. एकदा शिवलं ते टांग्यात बसून सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत हात सोडला नाही. त्या दिवशी तिचं सोवळं मोडलं ते तिनं पुन्हा कधी आधीसारखं धरलंच नाही.

डॉक्टर तरुण होते. मायनं सगळं सांगितलं, किती दिवस, किती जातं, काय काय काढे झाले. त्यांनी तिला पुरतं बोलू दिलं, मग माझ्याकडं वळून मला विचारलं, "रक्त कुठून जातं?"

"कुठून म्हंजी?" माय म्हणाली. "बायामाणसाचं कुठून जातं?"

"त्यांना बोलू द्या."

मी भिंतीकडं बघत म्हटलं, "संडासातून."

मायनं पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "आन् पहिल्यापासून तिथूनच?" मी मान हलवली. "मंग सांगायचं नाय का गं सटवे!" आणि तिथंच, त्या परक्या डॉक्टरसमोर, ती हमसून हमसून रडायला लागली. मला वाटतं तिला त्या घटकेला सगळे लाडू आठवले असतील.

मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, असं डॉक्टरांनी आण्णांना समजावलं. हा आजार जात नाही, दबून राहतो, पुन्हा डोकं वर काढतो. आण्णांनी त्यातलं 'दबून राहतो' एवढं उचललं आणि घरी येऊन त्याचं 'बरी होईल' केलं. दप्तर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायची त्यांची सवयच होती. गोळ्या सुरू झाल्या. पिवळ्या मोठ्या आणि पांढऱ्या बारीक. रक्त कमी होत गेलं आणि एक दिवस थांबलं. मला वाटलं, सुटले. माझ्यासाठी मायनं मऊ भात-ताक, मुगाचं पाणी सुरू केलं. खालानं स्वतःच्या घरी मटणाचा खलिया शिजवला तरी मला वास येऊ नये म्हणून ती दार लावून घ्यायची. सगळ्यांनी मनापासून केलं, नाही म्हणणार नाही.

पण थकवा गेला नाही. मुरडा कमी झाला तरी पुरता गेला नाही. पोट कधी दगा देईल याचा भरवसा आला नाही. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, रक्त भरून आलं की जाईल. रक्त भरलं, तरी तो तसाच. आता मात्र माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. आधी निदान डाग होता. डागाचं नाव चुकीचं होतं, पण त्याच्या जिवावर मला आडवं पडायला मिळत होतं. रक्त थांबलं आणि माझी घोंगडी गेली. पाळी परत सुरू झाली होती, तिचे चार दिवस मिळायचे, बाकी सगळे दिवस मी बरी झालेली मुलगी होते, आणि बऱ्या झालेल्या मुलीनं पाणी भरायचं असतं. मी घागर अर्ध्यावर टेकवून बसले की माय म्हणायची, "आता काय झालं? आता तर थांबलं ना सगळं?" आण्णा म्हणायचे, "तिनं हिंमत करायला पाहिजे. तबियत मनावर असते."

हल्लीचे डॉक्टर सांगतात की या आजारात आतडं शांत झालं तरी थकवा मागं राहतो, पुष्कळांचा राहतो, तो खरा असतो. एका चुणचुणीत डॉक्टरणीनं हे मला सहज बोलता बोलता सांगितलं आणि मी तिच्यासमोर रडायला लागले. ती घाबरली बिचारी. तिला काय माहीत, मी हे ऐकायला किती वर्षं थांबले होते.

त्या पांढऱ्या गोळ्यांनी आणखी एक गंमत केली. माझा चेहरा सुजला. गाल टम्म, हनुवटी गोल, रंगही तुकतुकीत. हातपाय तसेच काड्या, पण नऊवार नेसून पदर घेतला की चेहराच दिसतो. आवारात येईल ती बाई म्हणायला लागली, पोरगी भरली हो! आणि फुलंब्रीकडचे ते लोक, जे वर्षामागं मला बघून 'लई वाळलेली हाय' म्हणून उत्तर न देता गेले होते, ते कुणाकडून तरी हे ऐकून परत आले. बागायती शेत, मोठं खटलं, दोन दीर, म्हातारी सासू, सालगडी. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलाची आई माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "आता कशी दिसती! लक्ष्मीवानी." मग म्हणाली, भाकरी करून दाखव. मी केल्या. चांगल्या केल्या, पापुद्रे सुटले. पाहुण्या बायका बाहेर वाहवा करत होत्या आणि मी चुलीपाशी भिंतीला टेकून, दोन्ही हात काखेत दाबून धरून बसले होते, कारण ते थरथरायचे थांबत नव्हते. त्या घरात अशा भाकऱ्यांची दुरडी दोन्ही वेळा भरायची होती, आणि संडास म्हणजे गावाबाहेरचं रान. मला लख्ख कळत होतं, या घरात मी मरणार. एकदम नाही, हळूहळू, आणि मरेपर्यंत आळशी म्हणवून घेत.

मायला सांगितलं. हात जोडून सांगितलं. ती म्हणाली, "लग्नाच्या आधी सगळ्यांनाच भ्या वाटतं. गोळ्या चालू राहतील की." तिथं गोळ्या आणायला कोण जाणार हे तिनं विचारलं नाही. आजाराचं त्या लोकांना सांगायचं नाही हे तिनं आणि आण्णांनी ठरवूनच टाकलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. साखरपुडा ठरला. ओसरी सारवली गेली, पेढे आले, खालानं बसायला सतरंज्या पाठवल्या.

त्या दिवशी सकाळपासून पाहुणे यायला लागले. मला नवं लुगडं नेसवलं, फुलं माळली. मुलाची आई मला कुंकू लावून ओटी भरणार, की झालं, मी त्यांची. आत गर्दीत उभी होते. पाय भरून आले होते, पोटात कळ सुरू झाली होती, आणि आता मला रात्रीपर्यंत असंच उभं राहायचं होतं, आणि मग जन्मभर. मी काही ठरवलं नव्हतं. मी ओसरीवर आले, सगळ्यांच्या मधून चालत न्हाणीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, गुंडाळलेली घोंगडी पायानं उलगडली आणि नव्या लुगड्यानिशी तिच्यावर बसले.

मुलाच्या आईच्या हातात ओटीचं ताट तसंच राहिलं. पुरुष मंडळी माना फिरवून उगाच लिंबाकडं बघायला लागली. आण्णांचा चेहरा उतरला.

माय आतून आली. तिनं मला बघितलं. गेल्याच आठवड्यात मी न्हाले होते, तिनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर पाणी घातलं होतं. मी खोटं बसले आहे हे त्या सगळ्या घोळक्यात एकट्या तिला ठाऊक होतं. नुसतं "उठ" म्हणाली असती तर मला उठावं लागलं असतं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

मुलाची आई मोठ्या मनाची होती. ताट बाजूला ठेवत म्हणाली, "असू द्या हो, निसर्गाचं काय कुणाच्या हातात हाय? आम्ही मुक्कामाला थांबतो. पाचव्या दिवशी करू."

झालं. माझ्या खोट्याची किंमत चार दिवस. मी मान खाली घातली आणि घोंगडीची लोकर मुठीत धरली.

"पाचव्या दिवशी बी नाय," माय म्हणाली.

"म्हंजी?"

"माही पोरगी बाहेरची नाय. आजारी हाय." माय माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली. "आतड्याचा आजार हाय तिला. जनमभर जात नसतो. तुम्ही भरली म्हणताव ती गोळ्यांची सूज हाय, अंग नव्हं. तुमच्या घरचं काम तिला व्हायचं नाय. आम्ही लपवलं, आमचं चुकलं. तुमच्या पाया पडते, पर पोरीला मी देत नाय."

आण्णा म्हणाले, "अगं, काय बोलतेस, होश में है क्या?" रागावले की ते उर्दूत जायचे. माय त्यांच्याकडं वळलीसुद्धा नाही.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. पाहुणे पाणी न पिता गेले. बातमी सगळ्या पाहुण्यारावळ्यांत फिरली, आणि त्यानंतर मला बघायला कुणी आलं नाही, कधीच नाही. आण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले. भावांची लग्नं होईपर्यंत त्यांनी माझ्याशी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून व्यवहार केला. आजारानं किती वेळा डोकं वर काढलं त्याची मोजदाद ठेवली नाही. एका शाळेच्या कचेरीत मी कारकुनी केली. नोकरी धरताना पगार नंतर विचारला, संडास आधी बघितला. सुट्टीचे दिवस झोपून काढले. लोक म्हणाले, हिला काय, ना मूल ना बाळ, झोपली तर झोपली. सुखात गेलं असं म्हणण्यासारखं आयुष्य गेलं नाही. पण गेलं ते माझं मला जगता आलं, आणि मी अजून आहे.

पण मला सांगायची होती ती त्याच दिवशीची संध्याकाळ. सतरंज्या तशाच पडल्या होत्या, पेढ्यांच्या पुड्यावर मुंग्या लागल्या होत्या. आण्णा दुपारीच बाहेर निघून गेले होते, भाऊ खालाकडं होते. मी घोंगडीवरून उठलेच नव्हते. उठायला अंगात काही उरलंच नव्हतं. माय ताट घेऊन आली. ताक-भात होता. तो तिनं वरून टाकला नाही, ताट माझ्या हातात दिलं, आणि माझ्याशेजारी घोंगडीवर बसली.

"मी निजून उठते तव्हा ताजी उठते," ती म्हणाली. "कितीबी दमलेली असू दे. तू निजून उठलीस तरी दमलेलीच उठतीस. मी बघते रोज. मला दिसत व्हतं गं. कळत नव्हतं."

मी घास हातात धरून तशीच बसले.

माय पाय लांब करून भिंतीला टेकली, मग हळूच खाली सरकून आडवी झाली. दिवसाउजेडी आडवी झालेली माय मी आजारपण सोडून कित्येक वर्षांत पहिल्यांदा बघत होते. "माह्यं बसणं बंद झालं त्याला लई वर्सं झाली," ती आढ्याकडं बघत म्हणाली. "तवापासनं दिवसा पाठ टेकली नाय मी." मी ताट बाजूला सारलं आणि तिच्याशेजारी पडले. घोंगडी एकीच्याच मापाची होती. आमचे दोघींचे पाय जमिनीवर होते.

आण्णा आले तेव्हा अंधारत आलं होतं आणि घरात दिवा लागला नव्हता. ते ओसरीच्या पायरीवर थांबले. चूल थंड आहे हे त्यांना बाहेरूनच कळलं असणार.

"स्वयंपाक?" त्यांनी विचारलं.

मायनं डोळे उघडले नाहीत. "मी बाहेरची हाय," ती म्हणाली.

मायचं बसणं कधीचं बंद झालं होतं हे आण्णांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ते तसेच उभे राहिले. मग चपला काढून, आमच्यावरून वळसा घालून आत गेले. थोड्या वेळानं आतून पिठाच्या डब्याचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला. मी उठायला लागले, तर मायनं माझा हात धरून खाली ओढलं.